चौथा गोल

१६ फेब्रु., सोम. पंचवटी
येऊन तिसरा दिवस. ताईकडे उतरलोय, अण्णाही आता इथेच असतात. झोप अजून पोर्तुगालच्या वेळेवर.
सकाळी दूध आणायला गेलो, दुकानदाराने ओळखलं. "फुटबॉलवाले ना तुम्ही? गोल किती झाले एकूण?" मग रिक्षावाला. मग शेजारच्या काकू. तेरा वर्षं पगार घेऊन खेळलो, सात गोव्यात, सहा तिकडे. आता घरदार तिकडेच, गुडघा गेल्यापासून तिथल्याच क्लबात शिकवतो. पण प्रश्न एकच. यापुढे इथे नुसतं गो.कि. लिहीन.
मिडफिल्डर होतो. बॉल घ्यायचा, मान वळवून बघायचं, ज्याला बरं पडेल त्याला द्यायचा. गोल झाल्यावर पोरं उड्या मारतात ते दुसऱ्याच्या अंगावर. पास कोणी दिला, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. तक्रार नाही.
(आहे.)

१८ फेब्रु., बुध.
सलीमचा फोन. लासलगावचा लंगोटीयार, आता फ्लेक्सचं दुकान. रविवारी मार्केट यार्डात माझा सत्कार म्हणे. शाल, नारळ, फेटा. नको म्हणालो.
"गप ए नित्या. फ्लेक्स छापून झालाय."
फोटो पाठवला. मला नको तितका गोरा केलाय. मागे भलतंच स्टेडियम, खाली पिवळ्या अक्षरांत: शंभर गोलांचा मानकरी.
शंभर! माझे गोल चार. तेरा वर्षांत चार.
"आकडा कोणी दिला?"
"अण्णांनी. आता मापाऱ्याचा आकडा मी परत तोलायचा का यार?"
हेही खरं. अण्णा बत्तीस वर्षं यार्डात मापारी. कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन सांगायचं त्यांनी. त्यांनी आकडा सांगितला की शेतकरीही गप्प, व्यापारीही गप्प. एक किलो इकडचा तिकडे नाही. आणि पोराचे गोल शंभर.

१९ फेब्रु., गुरु.
जेवताना विचारलंच. अण्णा भाकरी मोडत राहिले.
"यार्डात रोज इचारायचे, पोरानं गोल केला का. पह्यल्यांदा नाय म्हणलो. मंग परत नाय म्हणलो. मंग लोकं इचारायचीच बंद झाली." मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. "तवा एक दिवस हाय म्हणलो."
राग यायला हवा होता. आला नाही.
ताई म्हणते, शाल घे आणि मुकाट्याने ये, या वयात चारचौघांत त्यांची शोभा नको. बरोबर आहे तिचं. पण मग माझी तेरा वर्षं? तो शंभर गोलवाला कोण आहे, मी त्याला ओळखत नाही.

२१ फेब्रु., शनि. लासलगाव
सलीमकडे मुक्काम. संध्याकाळी यार्डात फेरी मारली, सगळीकडे लाल कांदा, पाय ठेवायला जागा नाही. आमच्या वेळी अमावस्येला लिलाव बंद असायचे, तेवढा एक दिवस अख्खं यार्ड आमचं. खाली काँक्रीट. पडलं की गुडघे सोलून निघायचे, म्हणून कोणी अंगावर यायच्या आत बॉल सोडायची सवय लागली. गोव्यात कोच विचारायचे, हे तुला कोणी शिकवलं?
गो.कि. आज नऊ वेळा.
दोन भाषणं लिहून ठेवलीत. एकात शंभर, एकात चार. कुठलं वाचायचं ते ठरत नाही.

२२ फेब्रु., रवि.
झाला सत्कार. फेटा इतका घट्ट की कपाळ अजून ठणकतंय.
अण्णा पहिल्या रांगेत, इस्त्रीची टोपी घालून. माईक हातात आला आणि तोंडातून निघालं, "माझे गोल चार." पुढे म्हणालो, "बाकीचे दुसऱ्यांनी मारले, मी त्यांना बॉल दिला. घरी फोनवर मी हे कधी नीट सांगितलं नाही. आकडा चुकला तो माझ्यामुळे." हे शेवटचं दोन्ही कागदांवर नव्हतं. आणि खरंही नव्हतं.
मागून कोणीतरी "चारच?" म्हणालं. टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या. सलीमचा चेहरा बघण्यासारखा.
परतताना गाडीत अण्णांनी टोपी काढून घडी घातली आणि खिशात ठेवली.

२३ फेब्रु., सोम. पंचवटी
अण्णा बोलत नाहीत. पेपर वाचतात, उलटा करून परत वाचतात. ताई माझ्यावर डोळे वटारून. चुकलं का माझं? रविवारी परतीचं विमान. असंच जावं लागलं तर...

२४ फेब्रु., मंगळ.
दुपारी अण्णा गॅलरीत कांदे निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गोल तीन हायेत. चौथा कुठला?"
कुठले तीन, मी विचारलं.
"तीन मी पाह्यलेत, ताईच्या मोबाइलवर. लय येळा पाह्यलेत. चौथा नाय घावला."
म्हणजे खरा आकडा त्यांना सगळा वेळ माहीत होता.
चौथा कुठून घावणार? पोर्तुगालात, शेवटच्या वर्षी, भर पावसात. कॅमेरा नव्हता, माणसंही मोजकीच. सांगायला लागलो तर म्हणाले, "तोंडी नको. मांडून दाखव."
मांडला. मोठे कांदे समोरच्या टीमचे, बारीक आमचे, लसणाची पाकळी बॉल. इथे बॉल मिळाला, इथून धावलो, डाव्या पायाने कोपऱ्यात. अण्णा काट्याकडे बघायचे तसे फरशीकडे बघत होते. मग माझ्या कांद्याच्या मागे, मोकळ्या फरशीवर बोट ठेवलं.
"अन् तुला बॉल दिला कोनी?"
आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं. आणि मला आठवेना! आमच्या टीममधला पेद्रु होता? की तो उंच, बदली उतरलेला? इतकी वर्षं मनात कुरकुरलो आणि मीही कधी विचारलं नाही.
पेद्रुला मेसेज टाकलाय. अजून एकच टिक.
अण्णांनी कांदे उचलू दिलेले नाहीत. ताई झाडू घेऊन आली तर म्हणाले, "थांब. एक गडी यायचा हाय."