कालकथित खुशालरावाची पेटी

५ जानेवारी २०२५, अकोला

पंखा नको म्हणजे नको! बेबीताईला तीनदा सांगितलं. माझी नणंद, पण स्वतःला हवं तेवढंच ऐकते.

"वयनी, इहाराले पंखा देऊ. पात्यावर भाऊचं नाव लिवू. उनायात लोकं दुवा देतीन."

माझ्या नवऱ्याला, गोवर्धनला, जाऊन या सव्वीसला वर्ष होईल. विहारात पंखेच पंखे झालेत, आणि प्रत्येक पात्यावर कोणीतरी 'यांच्या स्मरणार्थ'. अर्धी वस्ती डोक्यावर गरगरत असते. नाव वाचायचं तर आधी बटण बंद करा! गोवर्धनला नाही तिथं फिरवायचं. जन्मभर वीज मंडळात होता, विजेचं पुरे झालं. खरा जीव कशात? पिंगळ्यात. मैनेएवढं घुबड, डोळे मात्र बशीएवढे. रविवार उजाडला की दुर्बीण गळ्यात अडकवून पातूरच्या शेतावर.

तर वर्गणी जमवायची, ती पिंगळ्यांसाठी. ठरलं.

"घुबडासाठी वर्गणी?" बेबीताई. "बाप्पा! कोन देईन वं?"

१२ जानेवारी, अमरावती

मुलाकडे आले. स्वप्निलने मोबाइलवर गोवर्धनचा फोटो, खाली पिंगळ्याचा फोटो आणि पैसे पाठवायची लिंक, असं तयार केलं. सगळ्या नातेवाइकांना धाडलं. दिवसभरात अठ्ठावीस लोकांनी हात जोडले, एकाने 'हॅपी बर्थडे' लिहिलं. पैसे फक्त माझे आले — चालतं का बघायला पाठवले होते ते.

संध्याकाळी शाहीनला भेटले. इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, गोवर्धन तिला सारखा फोन करायचा. म्हणाली, "ताई, पुरानी झाडं तोडून टाकली लोकांनी. ढोली नाही तर पिंगळा राहील कुठं? लाकडी पेट्या लावा." पेटीला रंग द्यायचा नाही, वासाने पक्षी येत नाही. नाव घालायचंच तर पत्र्याची पाटी करून बाहेरून स्क्रूने बसवा. आणि पक्षी बसला की पेटीजवळ जायचं नाही. "जोडीनं हल्ला करतात, ताई. गोवर्धनभाऊंचा कान विचारा!"

कान आठवला. मला सांगितलं होतं, न्हाव्याने कापला!

१९ जानेवारी, पातूर

खुशालराव आडवा आला. आमच्या शेताचा शेजारी. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या निंबावरून गोवर्धनशी उभा दावा — सावलीने त्याची तूर मरते, म्हणून पाडायचा. गोवर्धन म्हणायचा, माझ्या अंगावर पाडा. एकाच एसटीने यायचे, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या सीटवर.

"बाई, आता तं निंब पाडू. भांडाले बी कोनी नाई राह्यलं."

मी म्हटलं, गोवर्धनच्या नावाची पेटी त्याच निंबावर लागणार.

खुशालरावाने निंबाच्या शेंड्यापर्यंत नजर नेली. मग म्हणतो, "पाडव्यापरेंत थांबतो. गोवर्धनच्या पेटीत पिंगळा बसला तं निंब राहीन. नाई बसला तं पाडतो. जबान हाय."

मी हो म्हणून बसले. पाखराच्या भरवशावर! घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

२६ जानेवारी

विहारात गोवर्धनच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भाषणं झाली, मग मी माइक घेतला आणि पिंगळ्याबद्दल बोलले. मनापासून बोलले. लोक खाली सतरंजी बघत बसले. एक म्हातारा झोपला.

मग सुचलं — इतकी वर्षं मास्तरीण होते, पोरं कशी वळवायची ते कळतं. म्हटलं, जो पेटी देईल त्याच्या माणसाच्या नावाची पाटी झाडावर लागेल.

झालं! हे वादळ! "माह्या बुवाच्या नावानं लिवा!" "आमच्या मायच्या नावानं!" वस्तीतली भागीरथा उठली, सासूच्या नावाची पेटी दिली. "जितेपनी मले रातभर झोपू देलं नाई. आता तेच्यात घुबड बसू द्या, जागत राहा म्हना." पंखेवाल्या बेबीताईने तर दोन लिहिल्या आणि वर मलाच सांगते, "पाह्य, म्या म्हनत होतो ना?"

खुशालराव रीतीपुरता येऊन मागे बसला होता. माइकवाल्याने नेमकं त्याचं नाव पुकारलं. सगळ्यांच्या माना वळल्या. "लिवा एक," म्हणाला, "पन आमच्या घरचे सारे फोटोत हायेत, त्यायची सोय झाली. माह्याच नावानं लिवा."

९ फेब्रुवारी

बंडू पेंटर पाट्या घेऊन आला. अक्षर मोत्यासारखं. आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. बंडूने सगळ्यांना लिहिलं. सगळ्यांना! एक पाटी: 'कालकथित खुशालराव यांच्या स्मरणार्थ'.

"बंडू, अरे तो जिवंत आहे!"

"बाई, पंख्यावर जित्या मानसाचं नाव म्या कधी लिवलंच नाई. हात आपोआप गेला."

तेवढ्यात खुशालरावच दारात. पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "जितेपनी मारलं मले, बाई. अन् ते बी तुमच्या पद्धतीनं!"

मी हसले ते खुर्ची धरून. गोवर्धन गेल्यापासून अशी हसले नव्हते. हसता हसता रडले, तेव्हा खुशालराव घाबरला आणि "राहू द्या, राहू द्या, चालते" म्हणत निघून गेला. पाटी तशीच राहिली. बंडूला जयंतीच्या बॅनरांमुळे सवड नाही.

१६ फेब्रुवारी, पातूर

पेट्या लागल्या. गोवर्धनची निंबावर, खुशालरावाची त्याच्या चिंचेवर. बाकीच्या पुढच्या झाडांवर.

२ मार्च

फोन थांबत नाहीत! "आमच्या बुवाच्या पेटीत आलं काय कोनी?" पोरांचा निकाल विचारावा तसं विचारतात. एकीत खार. भागीरथाच्या सासूच्या पेटीत साळुंकी, दिवसभर कलकलाट. भागीरथा म्हणे, "तरीच! मले वाटलंच होतं."

आणि पिंगळ्याची जोडी? खुशालरावाच्या पेटीत!

पाहुणे आणून आणून दाखवतो. "मेलेल्यायले जमलं नाई ते जित्यानं करून दाखोलं!" स्टेटसला पिंगळा. खाली स्वतःचा फोटो.

गोवर्धनच्या पेटीत मुंगळे.

१६ मार्च, पातूर

मुंगळे.

पाखराला वाचता येत नाही, मला कळतं. तरी राग येतो. इतकी वर्षं पहाटे उठून यांच्यासाठी आला माणूस, आणि एकालाही त्याच्या घरी यावंसं वाटू नये? निंबाखाली बसले. गोवर्धनची बसायची मुळी अजून गुळगुळीत आहे. निंब गेला तर ती जाईल. मग मी इथे येऊन काय बघायचं, खुशालरावाची तूर?

तो धुऱ्याने चालला होता. "काय पाहून राह्यल्या, बाई?"

"रिकामी पेटी."

वाटलं, आता टोमणा मारणार. मारला नाही. उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवलं, गेला.

२३ मार्च

शाहीनला फोन केला. काही उपाय? म्हणाली, "ताई, मर्जी त्यांची. यंदा नाही तर पुढच्या साली."

पुढच्या साली निंब कुठे असणार?

२८ मार्च

बाजारात खुशालराव दिसला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, कपाळावर आणि नाकावर ओरखडे. विचारलं तर म्हणे, "न्हाणीत घसरलो."

"आणि नाकाला?"

"मांजर."

न्हाणीत मांजर! पाडव्याला निंब पाडायला माणसं ठरवली का, ते विचारायचं धाडस झालं नाही. कोथिंबीर न घेताच परत आले.

३० मार्च, पाडवा. पातूर

पहिल्या एसटीने आले. करवतीचा आवाज नाही. निंब उभा.

चिंचेवरच्या पेटीतून पिंगळा मान वाकडी करून मलाच बघत होता. त्याच्याखाली पाटी — कालकथित गोवर्धन यांच्या स्मरणार्थ. वळून निंबाकडे पाहिलं. रिकामी पेटी, एक स्क्रू तिरपा, पाटी — कालकथित खुशालराव.

तो धुऱ्यावर बसला होता, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन. म्हणाला, "गोवर्धनच्या पेटीत पिंगळा बसला, बाई. पाटी वाचून घ्या. हारलो म्या."

घरी आल्याबरोबर बंडूला फोन केला. बॅनर राहू दे म्हटलं, उद्या पातूरला चल. निंबावरच्या पाटीवरचं 'कालकथित' खोडायचं आहे. माणूस जिवंत आहे.