क्रेब्ज सायकलचे हातवारे

भिवंडी,
सोमवार, २७ एप्रिल

ताई,

नमस्कार. हे पत्र लिहायचं मी कधीपासून टाळतोय. पेपर झाला त्याच संध्याकाळी बसलो होतो, पण नुसतं 'ताई' लिहिलं नि खाली कैरीवाला ओरडला. दुसऱ्यांदा बसलो तर समोरच्या गच्चीवर कबुतरं उडवत होते, तीच बघत राहिलो. तू म्हणशील, फोन करायचा. पण फोनवर तू मधेच 'जेवलास का, बारीक झालास का' सुरू करतेस नि माझं सांगायचं राहून जातं. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुझ्याआधी दाजी वाचतात. चिंधूमामा उद्या मुरबाडला यायला निघालेत, त्यांच्या हाती हे देतो.

छोटीचे दात आले का? इकडे सगळं ठीक. आई मजेत. बाबांचं तेच. मी कॉलेज सोडून ट्रकवाल्यांबरोबर हिंडायला गेलो तेव्हापासून बंद झालेलं बोलणं अजून बंद आहे. मी समोर ताटावर बसलेला असतो नि ते आईला म्हणतात, "त्याला सांग, गाडी उनात हाय." आई मला सांगते, "गाडी उन्हात आहे." मी आईला सांगतो, "काढतो." असा आमचा संसार.

पण परत कॉलेजला जायचं म्हटलं तेव्हा तूच बाबांशी भांडलीस. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. ते या पत्रात मानायचे होते, म्हणजे पत्राचं मुख्य कारण तेच. बाकीचं आपलं ओघात.

अभ्यासाचं सांगतो. बायोलॉजी मला आवडतं गं, खरंच. बेडकाचं हृदय, पेशीची भिंत, सगळं बघता येतं. बायोकेमिस्ट्री मात्र दिसत नाही, नुसती नावं. त्यात वडप्याला घरी बसलं की हायवेवरचा हॉर्न ऐकू येतो. हॉर्न ऐकला की मी पुस्तक पालथं ठेवून बघायला जातो, गाडी कुठल्या पासिंगची आहे. एकदा आसामची होती. त्या ड्रायव्हरशी बोलत बसलो, त्याने स्टोव्हवर मासे केले होते, मोहरीच्या तेलात... ते राहू दे.

तर माझा हा रोग एजाजने ओळखला. एजाज माझ्या वर्गातला. त्याच्या अब्बांचा, नूर मोहम्मद चाचांचा, छोटासा पॉवरलूमचा कारखाना आहे, वरच त्यांचं घर. तो म्हणाला, "दीप्या, तू आमच्या कारखान्यात येऊन बस. तिथे तुला तुझं स्वतःचंसुद्धा ऐकू येणार नाही." खरंच! एकदा लूम सुरू झाले की हॉर्न नाही, कैरीवाला नाही, काही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा धडा सलग वाचला.

तिथे कोणी तोंडाने बोलत नाही. सगळं हातांनी. दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली की 'धागा तुटला'. मनगट फिरवलं की 'कांडी बदल', म्हणजे धोट्यातली सुताची कांडी संपली, नवी घाल. हात छातीवर ठेवून मग बोट तुझ्याकडे केलं की 'येऊ का?' आणि पंजा आडवा हलवला की 'नको, जमेल'. चाचांचा एकच नियम आहे. कुणी खूण केली तर उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही. ते म्हणतात, "लूमवर गप्प राहिलेला माणूस म्हणजे एकतर झोपला, नाहीतर त्याचा हात अडकला."

आम्ही क्रेब्ज सायकल अशीच पाठ केली. तुला थोडक्यात सांगतो, अन्नातून शक्ती काढायचं पेशीतलं ते चक्र. त्यात दोन ठिकाणी कार्बन सुटून जातो. तिथे आम्ही 'धागा तुटला' करायचो. आणि चक्र पूर्ण होऊन नवीन अॅसिटिल आत घ्यायचं आलं की 'कांडी बदल'. आइसोसायट्रेट, धागा तुटला. कीटोग्लुटारेट, धागा तुटला. कारागीर हसायचे. एजाजची आई, हमिदाखाला, तांदळाची भाकरी नि बोंबलाची चटणी खाली पाठवायच्या, त्या एकदा जिन्यात थांबून आमच्याकडे बघत राहिल्या. मग वर जाऊन चाचांना म्हणाल्या म्हणे, "पोरं अभ्यास करतात की नाचतात?"

ताई, मला त्या घराने एका शब्दाने विचारलं नाही, की तू कोण, कशाला रोज येतोस. स्टूल माझं ठरलेलं आहे, खिडकीखालचं. आत्ताही त्याच्यावरच बसलोय.

पेपर छान गेला. म्हणजे जात होता.

आता सांगतोच. पाचवा प्रश्न क्रेब्ज सायकलचा आला. मी इतका खूश झालो की काय सांगू. लिहिता लिहिता डावा हात आपोआप चालायला लागला. धागा तुटला. जरा वेळाने पुन्हा, धागा तुटला. पलीकडच्या रांगेत एजाज होता, त्याने मान वर केली, नि त्याचा हात गेला छातीवर. 'येऊ का?' सवय गं! आणि मी, सवयीनेच, पंजा आडवा हलवला. 'नको, जमेल.'

सुपरवायझर मॅडमनी हे सगळं बघितलं.

"काय चाललंय? हातवारे कसले?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "मॅडम, धागा तुटला."

"कुठला धागा?"

"क्रेब्ज सायकलचा."

अख्खा वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. दोघांचे पेपर काढून घेतले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. कॉपी केस झालीय, ताई. गुरुवारी कमिटीसमोर जायचंय, पालकांना घेऊन. त्यांना पटलं नाही तर दोघांचं वर्ष जाईल. माझं गेलं तर मी म्हणेन, माझी गाडी तशीही उशिराच सुटते. पण एजाज पहिल्या पाचातला मुलगा आहे, आणि तो फक्त मला विचारत होता, येऊ का.

चाचा मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी सांगेन त्यांना, ही आमची लूमवरची भाषा आहे. पण मी एजाजचा बाप. बापाचं कोण ऐकतं? दुसरं कोणी पाहिजे, ज्याने ही भाषा वापरलीय."

दुसरं कोण, ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आपल्या जन्माआधी बाबा इथेच भिवंडीत लूमवर होते. त्यांना ऐकू कमी येतं ते तिथलंच. चाचांनाही मी हे मागे एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. अंगणाच्या त्या टोकाहून ते हातवारे करायचे नि आपण दोघं पोट धरून हसत नक्कल करायचो, आठवतं? ते खुळे हातवारे नव्हते गं. ते बोलत होते आपल्याशी. मला हे या स्टुलावर बसून कळलं, आणि ते त्यांना सांगायला माझ्याकडे तोंड नाही.

तर आभार हे मुख्य कारण नव्हतंच. हे होतं. पत्र मिळालं की बाबांना फोन कर. त्यांना म्हण, दीपू या वेळी पळाला नाही. पेपर अर्धा राहिला, पण तो बाकावरच बसून होता. आणि म्हण, गुरुवारी या. ते नाही म्हणाले तर तू ये, पण आधी त्यांना विचार. आईमार्फत नाही, सरळ त्यांनाच.

बाकी, चाचा आज सकाळपासून दिसत नाहीत. मोटारसायकलही नाही. हमिदाखालांना विचारलं तर म्हणाल्या, "गेलेत कामाला," नि हसल्या. कसलं काम कोण जाणे. त्यांचा

थांब ताई. दारात कोणीतरी आलंय.

चाचा आहेत, हेल्मेट काखेत, उगाच वरच्या पंख्याकडे बघतायत. आणि त्यांच्यापुढे बाबा आहेत. लग्नाला घालतात तो पांढरा शर्ट. सगळे लूम चालू आहेत. इथे बोलून ऐकू येत नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. आत पाऊल टाकलेलं नाही, उंबऱ्यातच उभे आहेत, माझ्याकडे बघतायत. मला बघतायत, ताई, आईला नाही.

आणि आत्ता त्यांनी हात छातीवर ठेवला. आता बोट माझ्याकडे.

इथे उत्तर दिल्याशिवाय राहायचं नसतं. उठतो.

तुझा,
दीपू