उभा की आडवा

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून या वेळी पत्रातच वाकतो.) दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून तुझ्याच नावानं ओरडतात ना? आम्ही दोघं बरी आहोत. तुझी भावजय म्हणते, आता घरात तिघं आहोत. तिसरं रात्रंदिवस घुरघुरतं आणि त्याला मधली खोली दिली आहे. पत्र त्याच्याविषयीच आहे.

तुझ्या इकडे येण्याविषयीचा निरोप मिळाला. ‘यंदा राहू दे.’ चार शब्ददेखील नाहीत धड. आपल्या घरात ‘राहू दे’चे अर्थ दोन. ताटावर हात आडवा धरून म्हटलं तर अजून वाढा, आणि हात न धरता म्हटलं तर खरंच पुरे. मोबाइलवर हात दिसत नाही. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, हिला वाचायला दिला, तिनं चष्मा लावून वाचला. हात दोघांनाही दिसला नाही.

आता हे कसं घडलं ते सांगतो. गेल्या खेपेला जाताना, दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, “महिनाभर राहिले, पण हिची नुसती पाठ पाहिली.” तू हसत म्हणालीस. हिनं ते मनाला लावून घेतलं. (तिच्या मनाला लागायला फार काही लागत नाही, हे तुला मी सांगायला नको.) मग ठरलं की एक फ्रीझर घ्यायचा, तू यायच्या आधीच रांधून, डबे भरून गोठवायचे, आणि तू आलीस की दोघींनी नुसतं बसून बोलायचं. कुणाविषयी बोलाल हे मला ठाऊक आहे. तरीही मी तयार झालो.

दुकानात गेल्यावर कळलं की फ्रीझरच्या जाती दोन. एक कपाटासारखा उभा, दाराचा. दुसरा पेटीसारखा आडवा, वर झाकण. विक्रेता पोरगेला होता, पण बोलणं वकिलाचं. “काका, उभ्याचं दार उघडलं की सगळी थंडी पायावर सांडते. आडव्याचं झाकण उघडा, थंडी जागच्या जागी.” थंडी सांडते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं आपण फुकट सांडली असं वाटून मी हळहळलो. तरी म्हटलं, घरी विचारतो. फोन लावला. दुकानात पंधरा टीव्ही एकदम बोलत होते. मी ओरडलो, “उभा की आडवा?” पलीकडून ताबडतोब, “आडवा, आडवा! उभा कुठं मावतोय इथं?” आणि फोन बंद.

ताई, मला तिथंच शंका यायला हवी होती. लग्न झाल्यापासून हिनं माझ्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलेलं नाही.

त्या वेळी घरात सुतार होता. तुझा पलंग करकरतो म्हणून त्याला बोलावलं होतं, आणि दुरुस्ती झाल्यावर तो हिला विचारत होता, पलंग भिंतीला उभा लावू की खिडकीखाली आडवा. माझा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, मला पलंगाचं कळलंय आणि मी तिथूनही मध्ये तोंड घालतोय. (हा समज चुकीचा असला तरी अन्यायाचा नाही.)

फ्रीझर आला. स्वयंपाकघराच्या दाराशी अडला. हमाल म्हणाला, “काका, दार मोठं करताय का फ्रीझर छोटा?” मी म्हटलं, उभा करून न्या. तो म्हणाला, “उभा करायचा नाही, दुकानातून बजावलंय.” मीही जोर लावून पाहिला, कंबर तेव्हाची. शेवटी मधल्या खोलीतच तो मावत होता, आणि तो मावायचा तर पलंगाला उठावं लागत होतं. म्हणून आता फ्रीझर आडवा आणि पलंग उभा आहे.

“मी पलंगाचं बोलत होते!”

“मी फ्रीझरचं विचारत होतो!”

“मग तोंडानं ‘फ्रीझर’ म्हणायचं होतं!”

मी दुकानात फोन लावला.

दुकानदार बदलून उभा द्यायला तयार आहे, पण रिकामा आणा म्हणतो. आणि ही थांबली नाही. मटारचा मोसम चालू होता. तिनं सोललं, शिजवलं, डबे भरले. बुटकी असल्यामुळे तळाशी डबा ठेवताना ती कमरेपर्यंत आत जाते आणि मला आतूनच सूचना देते. भरून झाल्यावर तिनं आनंदानं तुला फोन केला आणि म्हणाली, “ताई, तुमच्या जागी फ्रीझर झोपलाय!” ती हसत होती. तुला हसू ऐकू आलं नसावं.

तेव्हा स्थिती अशी. पलंग टाकायचा तर फ्रीझर हलायला हवा. तो हलायचा तर रिकामा व्हायला हवा. रिकामा व्हायचा तर कुणीतरी खायला हवं, आणि मला ती एका डब्याला हात लावू देत नाही. “ते ताईंचं आहे.” आम्ही रोजचं ताजं खातो. दुपारी ती मधल्या खोलीत जाते, झाकण उचलते, बघते, परत लावते. थंडी सांडत नाही, हे खरं. बाकी त्या पोराचं कुठलंच म्हणणं मला आता पटत नाही.

दाजींना नमस्कार. रागावली असलीस तर तसं लिही. राग आम्हाला समजतो.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्याकडे तो घडीचा पलंग अजून आहे ना? येताना आणलास तर बरं होईल. पाहुण्यांना अंथरूण आणायला सांगणारा भाऊ तुला लाभला, त्याला माझा इलाज नाही.

ता. क. २ (अक्षर माझं, तुमच्या भावजयीचं) ताई, पत्र टाकायला दिलं म्हणून वाचलं. घडीबिडीचं काही आणू नका. तुम्ही माझ्याशेजारी झोपा, म्हणजे रात्रीसुद्धा बोलता येईल. हे फ्रीझरवर झोपतील. काल चोरून झोपून पाहत होते, मी बघितलं. पाय बाहेर येतात, पण चालेल.