जाड रंगातली होडी

पुणे, गुरुवार

आये, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून पत्र.

मी सांभाळते त्या आजोबांना आता दिसत नाही. साठ वर्षांपूर्वी त्यांनी सुरीने जाड रंग थापून देवगड बंदराचं चित्र केलं होतं. काल त्यावर बोटं फिरवत त्यांनी विचारलं, "रश्मी, ही होडी बाहेर निघालीय की परत येतेय?"

"माका कळणा नाय," म्हटलं आणि रडूच फुटलं.

मग त्यांना सगळं सांगितलं. छातीत दुखून दवाखान्यात राहिलेले बाबा पंधरा दिवसांत पुन्हा समुद्रावर जातात, आणि तू 'बरे आसत' म्हणतेस. खरा सांग गो आये.

आजोबा म्हणाले, "आधी घरी जा." त्यांची मुलगी आली की निघते, पुढच्या रविवारी पोचेन. तोवर आपल्या होडीच्या इंजिनाची चावी तुझ्या कनवटीला ठेव.

तुझी,
रश्मी