धुण्याच्या दगडाची पाठ

आये, तुझा धुण्याचा दगड आम्ही उलटा केला. तुला विचारायची सोय नव्हती, म्हणून न विचारताच केला. मागल्या दारी विहिरीशेजारी जो कायम पडलेला असायचा, ज्याच्यावर तू आम्हा सगळ्यांचे कपडे आपटलेस, तोच. त्याच्या पोटाकडून एक लढाई निघाली. घोडा आहे, तलवार घेतलेला माणूस आहे, खाली गाई आहेत. मी सुरुवातीपासून सांगते, कारण तुला मधूनच सांगितलेलं कधी आवडायचं नाही.

तुझा जावई गेला, हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी गेला, झोपेत, कुणाला त्रास न देता. वागळे इस्टेटला कारखान्यात होता तोवर येताना तिथल्या रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणायचा माझ्यासाठी. कधी पहिली पानं नसायची, कधी शेवटची. माझी शाळा सातवीला सुटली, पण वाचणं त्याने सुटू दिलं नाही. आता मी लिहितेही पुस्तकातल्यासारखं. तू ऐकलं असतंस तर हसली असतीस, म्हणाली असतीस, "बामनीन झाली माजी पोर." तो गेल्यावर बाकीचे दिवस कसेही ढकलता यायचे, रविवार मात्र अंगावर यायचा. सकाळी चहा त्याचा, मटण त्याने आणायचं, दुपारी पेपर दोघांनी वाटून वाचायचा. डोंबिवलीतल्या ज्या वाचनालयात मी जाते तिथे फळ्यावर एक कागद लावला होता. गावोगावचे जुने कोरीव दगड शोधायला येणार का, दर रविवारी निघतो, वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. मला दगडांचं काही पडलं नव्हतं. कागदावरचा 'रविवार' तेवढा वाचला, आणि नाव दिलं.

पहिल्यांदा आम्ही खडवलीच्या पुढे एका गावात गेलो. आमचे एक सर आहेत, शाळेतून निवृत्त झालेले, तेच सगळ्यांना घेऊन फिरतात. बँकेतली, कंपनीतली माणसं आहेत, एक नुकती नोकरीला लागलेली मुलगी आहे, ती मला मावशी म्हणते. तिथे बांधावर एक दगड उभा होता. सर म्हणाले, ही वीरगळ. गावासाठी लढून कुणी मेला की त्याच्या नावाने असा दगड उभा करायचे. खालच्या कप्प्यात तो लढतो, मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला उचलून नेतात, वरच्या कप्प्यात तो देवासमोर बसलेला असतो. आम्ही दगडावरची माती मऊ ब्रशने काढतो, नुसतं पाणी वापरतो. कोरलेलं उठून दिसावं म्हणून कुणी पीठ चोळायला गेलं तर सर ओरडतात. मग टेपने मोजायचं, फोटो काढायचे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसायचं. ते शेवटचं काम माझ्याकडे आलं. बाया माझ्याशी बोलतात. आधी विचारतात, नवरा काय करतो, तो गेला म्हटलं की चहा टाकतात, आणि मग सगळं सांगतात.

त्या दिवशी परत येताना सर सहज म्हणाले, उभ्या सापडतात त्या थोड्या, पालथ्या पडलेल्या कितीतरी असतील. कुणाच्या पायरीला, कुणाच्या धुण्याला. माझी बोटं एकदम जागी झाली, आये. मी लहान आहे, तू धुणं घेऊन बसली आहेस. दगडाची एक कड जमिनीपासून जरा वर आहे, तिच्याखाली मी हात घालते आहे, आणि आत बोटांना काहीतरी लागतं आहे. गोल गोल, उंचसखल. तू मान न वळवता म्हणतेस, "हात नको घालू बाय, इच्चू असंल." तुला मागे डोळे होते की काय कोण जाणे. विंचू काही कधी निघाला नाही.

मिठागरावरून तू यायचीस ती उन्हं कलल्यावर. चोळी पाठीवर वाळून कडक झालेली असायची, आणि तिच्यावर मिठाची पांढरी रेघ, ओहोटीनंतर खाडीच्या काठावर राहते तशी. तशीच मागल्या दारी जाऊन धुणं काढायचीस. मिठाचे कपडे दोन पाण्यांनी निघत नाहीत. मी उंबऱ्यावर बसायचे. कर्जतच्या मामाचं पत्र आलं असलं तर ते मी वाचून दाखवायचे, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि बाबा वाचताना मधला मजकूर गाळायचा. तू आपटत असायचीस, मी वाचत असायचे. महत्त्वाचं काही आलं की आपटणं थांबायचं. "परत वाच," म्हणायचीस. मी परत वाचायचे. मग पुन्हा धप्प, धप्प.

एकदाच तू मला मारलंस, तेही त्या दगडावरून. मी टोपलीतलं मावरं त्याच्यावर साफ करायला घेतलं होतं. तू ओला हात पाठीत घातलास. "हिकरं नाय! पाट्यावर कर." कपड्यांना मासळीचा वास लागेल म्हणून असेल. पण दिवाळीला विहिरीवर पणती ठेवायचीस, त्यातली एक त्या दगडाच्या डोक्याशी असायची. दादा म्हणतो, विहिरीचीच पणती ती, तू उगाच काय काय लावतेस. आये, तुला माहीत होतं का गो? तुझ्या सासूने सांगितलं होतं का? आता गावात विचारायला तुझ्या वयाचं कुणी राहिलं नाही. गटात मी सगळ्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत फिरते, आणि ज्या एकीला विचारायला हवं होतं तिला नुसती पत्रं वाचून दाखवली.

घर पाडायचं ठरलं, हे दादाने फोनवर सांगितलं. दिवा स्टेशनाकडच्या बिल्डिंगी सरकत सरकत आपल्या मागल्या दारापर्यंत आल्यात. विहीर तर कधीच बुजवली, टँकरने पाणी येतं. मी म्हटलं, दगडाला हात लावू देऊ नको, मी माणसं घेऊन येते. "माणसां? एका धोंड्याला?" दादा हसला, पण थांबला. रविवारी आम्ही गेलो. पहारी होत्या, दोर होता, आणि कोरीव काम फुटू नये म्हणून जुने टायर नेले होते. दगड हलला तेव्हा खालच्या मातीचा वास आला, साबणाचा आणि जुन्या पाण्याचा. ती मुलगी पोटावर पालथी पडून फटीत बघत होती. "टॉर्च द्या, टॉर्च! मावशी, घोडा आहे! शप्पथ, घोडा आहे!" दगड उठून टायरवर उभा राहिला आणि सगळे खाली वाकले. मातीत तोंड खुपसून पडल्यामुळे एकही रेघ बुजली नव्हती. घोड्याच्या लगामाचे मणीसुद्धा दिसत होते.

दादा बघत राहिला, मग त्याने कपाळावर हात मारला. "आये देवाचे पाठीवर माज्या चड्ड्या धुवायची गो! आता मना पावंल कं हा?" वहिनी म्हणाली, "तुमच्या चड्ड्या सोसल्या त्याना, आजून कं पावाचा त्याना?" सर हसत हसत डोळे पुसत होते. मला हसू आलं, आणि मी दगडाच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हणजे आता जी मागची बाजू झाली होती, तिच्याकडे. तुझी बाजू. मधोमध खळगा पडलाय, परातीसारखा, आणि काचेसारखा गुळगुळीत. त्यात हात ठेवला तर तो आपोआप खाली घसरतो, कपडा घसरायचा त्या दिशेने. ती मुलगी मापं घेत आली. सरांनी तिला सांगितलं, "मागची बाजू घे, झिजलेली, कोरीव काम नाही." ती पुढे गेली. सर खोटं काहीच बोलले नव्हते.

गावाने ठरवलं, दगड गावदेवीच्या आवारात उभा करायचा. चांगलंच होतं. पण भिंतीला चिकटवून, मागून सिमेंट भरून, बाजूने टाइल्स लावून. सरांनाही ते पटलं, दगड पडणार नाही, कुणी नेणार नाही. पुढच्या रविवारी गवंडी माल कालवून तयार होता. मला कळलं की आता एकदा सिमेंट भरलं की तुझा खळगा कुणालाच पुन्हा दिसणार नाही. मी म्हटलं, भिंतीला लावू नका. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गटात मी कधी कशाला नाही म्हटलेलं नाही.

"ताई, मागे बघण्यासारखं काही नाही," सर समजुतीने म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

"पाठ बगून कोन पाया परनार गो बाय?" दादा म्हणाला. गवंडी उन्हात उभा होता, "काकी, लवकर काय ते बोला, माल सुकतोय." मला नीट मांडता येईना. मी म्हटलं, पुढची बाजू कुणा कारागिराने केली, मागची बायकांनी केली. उद्याच्या पोरींना कळायला नको का, की त्यांच्या आज्या-पणज्यांनी दगड झिजवलाय? बोलताना मलाच ते भाषणासारखं वाटलं. माणसं माना हलवत होती, पण गवंड्याने थापी उचलली होती. मग मी दादाचा हात धरला आणि त्या खळग्यात ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही. दादाचा हात घसरला, खाली कडेपर्यंत गेला. त्याने तो परत वर नेला. परत घसरू दिला. आता त्याला नातवंडं आहेत, आये, केस सगळे गेलेत. तो गवंड्याकडे न बघताच म्हणाला, "भिंतीपासून पुरं घे. मानूस आत शिरंल येवरी जागा ठेव." धोंडा त्याच्या दारातला, त्यामुळे पुढे कुणी वाद घातला नाही.

आता तो भिंतीपासून सुटा, चौथऱ्यावर उभा आहे. पुढच्या बाजूला शेंदूर चढायला लागलाय, घोड्याचे मणी भरून गेले, सर बघून हळहळतात. मागे कुणी काही लावत नाही. सर हल्ली शाळेची पोरं घेऊन येतात तेव्हा त्यांना मागे जायला लावतात आणि हात ठेवा म्हणतात. पोरं हात ठेवतात, घसरतो म्हणून हसतात, पुन्हा ठेवतात.

हे पत्र मी कुठे टाकणार? घराला आता पत्ता नाही, पत्रे लावून खड्डा खणलाय. आणि असता तरी तुला वाचून दाखवणारी मीच. म्हणून मागच्या रविवारी गटाच्या आधी एकटीच गेले, आधी लिहिलेलं पत्र पदराआड घेऊन दगडामागच्या फटीत शिरले. मला वाटलं होतं, तिथे उभं राहून वाचीन, उंबऱ्यावरून वाचायचे तसं. पहिली ओळ वाचली, आणि पुढे वाचवेना, कारण त्यात पुढे उद्याच्या पोरींबद्दलचं सगळं होतं. ते मी गावाला सांगितलं, सरांना सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण त्यासाठी मी गवंड्याचा हात अडवला नव्हता.

तुझा एकच फोटो राहिलाय, मतदानाच्या कार्डावरचा, काळपट. त्यातली बाई मला ओळखू येत नाही. डोळे मिटून मी हाक मारते तेव्हा तू दिसतेस, मागल्या दारी, चोळीवर मिठाची रेघ. ओ देतेस, पण हात साबणाचे असतात, म्हणून वळत नाहीस. मला तुझा चेहरा आठवत नाही, आये. पाठ तेवढी आठवते.