सापगावचे सहा झोपाळू साप

प्रिय दादा,

आधी हातातला विळा ठेव, ओटीवर बस, मग वाच. माझ्या पोटात गोष्ट मावत नाय! काल पालकांच्या सभेत तुझ्या लेकीनं, काशीनं सगळ्यांसमोर इंग्रजी म्हटलं. हो, आपल्याच काशीनं! स्वतःचं नाव सांगताना जी 'का-का-का'वर अडते आणि पोरं कावळा आला म्हणून चिडवतात, तिनंच.

झालं काय, नव्या बाईंनी पोरांना इंग्रजीतले आवाजांचे शब्द शिकवले. पाण्यात पडलं की स्प्लॅश, मधमाशी बझ, साप हिस्स. पोरं नुसती येडी झालीत. शाळेसाठी तू काशीला आमच्याकडं ठेवलंस, तर आता घरात ताट पडलं तरी ती क्लँग म्हणते. सासूबाई मला विचारतात, गो योगिनी, ही पोर भांड्यांशी बोलते काय? काल बाईंनी मोठ्या माणसांनाच कामाला लावलं. आमच्या गावावरून वाक्य रचलेलं, ते भरभर म्हणायचं: सिक्स स्लीपी स्नेक्स स्लिप इन्टू सापगाव, स्लिप, स्लॅप, स्प्लॅश! म्हणून बघ तू. सरपंच अडखळले. माझी तर बोबडीच वळली. खुद्द बाई तिसऱ्या वेळी 'स्नीपी स्लेक्स' म्हणाल्या. अख्खा वर्ग काशीसारखा बोलत होता रे दादा! आणि काशी पोट धरून हसत होती.

मग ती आपणहून उठली. मी डोळेच मिटले. तिनं बाकावर हात आपटला, एका शब्दाला एक, आणि सुरू झाली. कुठं अडली नाय! तीनदा म्हटलं, दर वेळी आणखी भरभर. बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? तर म्हणाली, बाबा एरवी बोलताना अडतात, पण भात झोडताना एकेक पेंढी आपटून मोजतात, तेव्हा कधीच अडत नाय. खरंच की! इतकी वर्षं तुझ्यासोबत भात झोडलं, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

सहावीत इंग्रजी वाचताना तू अडलास, वर्ग हसला, आणि मुरबाडच्या शाळेतून दप्तर घेऊन आलास तो परत गेलाच नाहीस. दादा, वर्ग हसला तेव्हा मी बाहेर खिडकीशी उभी होते. मीपण हसले होते. लहान होते, पण हसले. आजवर तुला सांगायचा धीर झाला नाय. माफ कर मला.

आपल्या गावच्या गणूकडून तुझा निरोप आला, रविवारी काशीला शाळेतून काढून घरी न्यायला येतो, लोकांचं हसू पुरे झालं म्हणून. रविवारी नको, शनिवारी ये. शहापूरला तालुक्याची स्पर्धा आहे, बाईंनी तिचं नाव दिलंय. फोन मुद्दाम नाय केला. 'हो'मधल्या 'ह'वर अडलास की तू फोन ठेवून देतोस. पत्राला तोंडानं हो म्हणायचंच नाय. झोडणी राहिली तर राहू दे, सकाळची एसटी पकड आणि पहिल्या रांगेत बस. काशी म्हणते, बाबांनी मांडीवर हात आपटला की मी सुरू करीन.

तुझीच,
योगिनी