हवेतला गिटारवाला

रविवार, संध्याकाळ. सुपा.

आज सुट्टी. माझ्या लाडक्या रॉक बँडचे जुने व्हिडिओ बघत बसलो. लहानपणी ताई आणि मी ते शेवगावच्या मोबाईल दुकानातून मेमरी कार्डात भरून आणायचो. एकात गिटारवाला उंच उडी मारायचा आणि तिथंच व्हिडिओ संपायचा, तो हवेतच. कसं सुचलं असेल यांना, असं वाटायचं. आज कळलं, आमच्या कार्डात तो व्हिडिओ अर्धाच आला होता. पुढे तो खाली येतो, घसरून पडतो आणि पडल्यापडल्या वाजवतच राहतो. इतकी वर्षं हवेत होता माणूस.

ताईला फोन केला. म्हटलं, "गिटारवाला खाली आला."

ती म्हणाली, "लई लागलं न्हाई ना त्याला?"